आल्प्समध्ये पहिल्यांदा सायकल: तयारी उताराची करा

वाचकाचं पत्र: मी चाळीसगावला औषधाचं दुकान चालवते. वय ३६, वजन ५४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. धाकटा भाऊ शेती बघतो, त्याचं वजन ८२. गेली चार वर्षं दर रविवारी आम्ही दोघं सायकल चालवतो. पाटणादेवी, भडगाव, कधी कन्नड घाट चढून वर. दोघांकडेही १०० मिमी फोर्कच्या हार्डटेल आहेत, म्हणजे धक्के शोषणारी सोय फक्त पुढे, मागे नाही. पुढच्या वर्षी आल्प्समधल्या बाइक रिसॉर्टला सात दिवस जायचं ठरवतोय. कुठे जावं, कोणत्या महिन्यात, सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि तयारी काय करावी? घरचे एकच विचारतात, पडलीस तर काय? त्याचंही उत्तर हवं आहे.

ताई, घाट चढून तुमची छाती आणि दम तयार झालाय. बाइक रिसॉर्टमध्ये मात्र त्याचा उपयोग सगळ्यात कमी होतो. तिथे वर गोंडोला, म्हणजे दोरावरून चालणारा बंद पाळणा, नेतो, सायकलीसकट. तुम्ही फक्त उतरायचं. एक उतार वीस-तीस मिनिटांचा, पूर्ण वेळ पेडलवर उभं राहून, बोटं ब्रेकवर. आम्ही खाली ज्या गावाची शिफारस करतोय तिथल्या एका डोंगरावरून एका फेरीत साधारण ८०० मीटर खाली येता. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तर तोरणमाळहून शहाद्यापर्यंत जवळपास पाच वेळा उतरल्यासारखं होतं, तेही डांबरावरून नाही, माती, दगड आणि झाडांच्या मुळांवरून. यात दम लागत नाही. आधी हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगडासारखा होतो, मग मांड्या थरथरतात, आणि बोटं लिव्हर दाबेनाशी झाली की माणूस पडतो. म्हणून पुढचा सगळा सल्ला उताराभोवतीच आहे.

जागा. पहिल्या वेळेला ऑस्ट्रियातलं साल्बाख-हिंटरग्लेम निवडा. गाव सुमारे १,००० मीटरवर आहे, म्हणजे उंचीने तोरणमाळच्या जवळपास, त्यामुळे विरळ हवेची काळजी नाही. कोलमाइस डोंगरावरून, सुमारे १,८०० मीटरवरून, मिल्का लाइन नावाची निळी वाट गावात उतरते. रुंद, वळणांना मातीचे उंच कठडे, आणि उड्यांचे उंचवटे असे की चाक जमिनीवर ठेवूनही त्यांच्यावरून सरळ जाता येतं. शिकायला लागणारं सगळं तिच्यात आहे. पलीकडच्या खोऱ्यात लेओगांगचं बाइक पार्क आहे, शेवटच्या दोन दिवसांत तिकडे जाऊन या. फ्रान्समधलं ले जे आणि मोर्झिन हा परिसरही फार नावाजलेला आहे, २०२२ ची माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ले जेलाच झाली. पण पाऊस झाला की तिथल्या मुळांच्या वाटा अतिशय निसरड्या होतात. ते दुसऱ्या सहलीला ठेवा.

रंगांचं एक ध्यानात घ्या. फ्रान्समध्ये हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, लाल, काळी. ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी सुरुवातच निळ्यापासून होते. रंग एकाच रिसॉर्टमधल्या वाटांची तुलना सांगतो. एका गावची लाल वाट जमली म्हणून दुसऱ्या गावची जमेलच असं नाही. नवीन ठिकाणी पहिला उतार नेहमी तिथल्या सर्वांत सोप्या वाटेवर.

महिना सप्टेंबर, पहिला पंधरवडा. जूनअखेर भाऊ पेरणी सोडून येऊ शकणार नाही, जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असल्याने गोंडोलाला रांगा लागतात आणि दुपारी विजांसह वादळं जास्त येतात. सप्टेंबरात कानबाईचा सण झालेला असतो, कापसाची वेचणी सुरू व्हायची असते, आणि तिकडे गर्दी ओसरलेली असते. सकाळी गारठा जाणवेल, एवढंच. तिकिटं काढण्याआधी तुम्हाला हव्या त्या गोंडोला त्या आठवड्यात चालू आहेत का, ते रिसॉर्टच्या वेळापत्रकात बघा. सगळ्या एकाच दिवशी बंद होत नाहीत.

मुंबईहून म्युनिक, तिथून रेल्वेने साल्झबुर्गमार्गे त्सेल आम झे, आणि पुढे खोऱ्यात जाणारी बस. विमान जर्मनीत उतरलं तरी व्हिसा ऑस्ट्रियाचा मागायचा, कारण ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो म्हणून एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला मुंबईला जाऊन या. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा.

आता घरच्यांचा प्रश्न. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो घेतला म्हणजे काम झालं असं समजू नका. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात. काही पॉलिसींमध्ये ‘माउंटन बायकिंग’ चालतं पण ‘डाउनहिल’ किंवा ‘बाइक पार्क’ चालत नाही. विमा कंपनीला ईमेलवर थेट विचारा: गोंडोलाने वर जाऊन आखलेल्या वाटेवरून सायकलने उतरताना झालेली दुखापत, हेलिकॉप्टरने सुटका आणि मायदेशी परत आणणं, या तिन्हींचा खर्च मिळतो का, आणि किती रकमेपर्यंत. उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो’वर विसंबू नका. ऑस्ट्रियात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलल्याचं बिल काही हजार युरोंचं येऊ शकतं आणि ते तुमच्या नावावर येतं. डोंगरातल्या सुटकेचा तिथला क्रमांक १४०, युरोपभर चालणारा ११२. दोन्ही फोनमध्ये घाला, आणि वाटेवरच्या फलकावरचा क्रमांक येता-जाता वाचत राहा, कारण ‘मी कुठे आहे’ हे सांगायला तोच उपयोगी पडतो.

पडणं होणारच. नवशिक्याच्या दुखापती बहुतेक करून मनगट, गळपट्टीचं हाड, खांदा आणि गुडघा इथे होतात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पाठीचं संरक्षक कवच, पूर्ण बोटांचे हातमोजे, गॉगल. यातलं एकही ‘आज गरम होतंय’ म्हणून काढायचं नाही. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. डोकं आपटलं आणि नंतर मळमळ, गुंगी किंवा डोकेदुखी वाटली, तर त्या दिवशी सायकल बंद आणि डॉक्टरकडे.

सायकल इथून नेऊ नका. दोन खोकी, विमानाचं जादा भाडं, पेडल आणि डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) काढणं-बसवणं, हे सगळं करून तिथे पोचणार ती १०० मिमीची हार्डटेल. तिच्यावर निळी वाट उतरता येते, पण मागचा प्रत्येक धक्का पाठीत आणि हातात येतो आणि दुसऱ्याच दिवशी थकवा गाठतो. तिथे १६० ते १७० मिमी ट्रॅव्हलची (धक्क्याला चाक एवढं वर सरकतं) एन्ड्युरो प्रकारची फुल सस्पेन्शन सायकल घ्या, म्हणजे पुढे फोर्क आणि मागे शॉक, दोन्हीकडे धक्के शोषणारी. दुकानदार २०० मिमीची डाउनहिल सायकल पुढे करेल, तीही चांगली असते, पण जड असते, हळू वेगात वळवायला कठीण जाते आणि सपाट तुकड्यावर पेडल मारवत नाही. संरक्षक साहित्य धरून दिवसाचं भाडं साधारण १०० युरोच्या आसपास, आणि गोंडोलाचा पास रिसॉर्टनुसार ३५ ते ६० युरो. सलग दिवसांचं घेतलं की दोन्ही स्वस्त पडतात. काही हॉटेलांच्या मुक्कामात गोंडोलाचं कार्ड येतं, पण त्यात सायकल नेणं धरलंय का ते आधी विचारा. नुकसान-माफीची रक्कम भरा. दगडावर आपटून वाकलेला डिरेलर किंवा रिम यांचा खर्च नाहीतर तुमचा.

बुकिंगच्या ईमेलमध्ये दोघांचं वजन आणि उंची लिहा. तुमच्यासाठी हे फारच महत्त्वाचं. भाड्याच्या सायकली ७५-८० किलोच्या माणसाला जमतील अशा लावलेल्या असतात. मागचा शॉक स्प्रिंगचा असेल तर ५४ किलोला ती स्प्रिंगच बदलावी लागते आणि ती दुकानात असेलच असं नाही, म्हणून ‘मागे हवेचा शॉक द्या’ असं स्पष्ट मागा. फ्रेम ‘स्मॉल’ मागा. पुढे २९ इंची आणि मागे २७.५ इंची चाक असलेली मिळाली तर उत्तम, कारण उतारावर मागे सरकताना मोठं मागचं चाक कमी उंचीच्या माणसाला घासतं.

दुकानातून सायकल ताब्यात घेतली की लगेच गोंडोलाकडे पळू नका. अर्धा तास द्या. सगळं साहित्य अंगावर घालून, भिंतीला हात टेकून पेडलवर उभ्या राहा, शॉकवरची रबरी कडी खाली सरकवा, अलगद उतरा आणि कडी किती सरकली ते मोजा. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ६५ मिमी असेल तर १९-२० मिमी, म्हणजे सुमारे ३० टक्के बसायला हवं. १७० मिमीच्या फोर्कमध्ये सुमारे ३४ मिमी, म्हणजे २० टक्के. कमी बसत असेल तर हवा काढायला सांगा. हवा कमी केली की रिबाउंडही (दाबलेला शॉक परत वर येण्याचा वेग ठरवणारी सोय) थोडा मोकळा करावा लागतो, नाहीतर दाबलेला शॉक पुढच्या खड्ड्याआधी वर येत नाही आणि लागोपाठच्या धक्क्यांत सायकल खाली खाली बसत जाते. हे मेकॅनिकला एका वाक्यात सांगितलं तरी तो करून देतो. टायर ट्यूबलेस असतील. तुम्हाला पुढे २० आणि मागे २३ पीएसआयच्या आसपास, भावाला पुढे २४ आणि मागे २७ पासून सुरुवात करा. रिम दगडावर टेकल्याचा आवाज आला की दोन पीएसआय वाढवा. एकमेकांची सायकल ‘जरा चालवून बघू’ म्हणून घेऊ नका, २८ किलोच्या फरकात ती दोघांनाही धोक्याची ठरेल.

ब्रेकवर थोडं थांबून सांगावं लागेल. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. ऑस्ट्रिया-फ्रान्समध्ये उलटं, डावा लिव्हर पुढचा. घाबरल्या क्षणी हात सवयीने काम करतो. मागचा म्हणून डावा जोरात दाबला जातो, पुढचं चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. यावर सगळ्यात चांगला उपाय इथेच करता येतो. आधी तुमच्या सायकलीचं पुढचं चाक उचलून फिरवा आणि कोणता लिव्हर ते थांबवतो ते बघा. उजवा असेल तर जूनमध्ये सायकलवाल्याकडून दोन्ही ब्रेक अदलाबदल करून घ्या. केबलचे असतील तर केबलींचीच अदलाबदल करायची, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर नळ्या सोडून बसवताना आतली हवा काढून घ्यायला सांगा. पहिला आठवडा रिकाम्या रस्त्यावरच चालवा. तीन महिन्यांत हाताला नवी सवय लागते.

दुसरी गोष्ट, एकच बोट. आजच्या डिस्क ब्रेकला तर्जनी पुरते, बाकीची बोटं हँडल धरायला लागतात. लिव्हर असा सरकवून घ्या की बोट त्याच्या टोकाला येईल, आणि तुमचा हात लहान असल्याने लिव्हर हँडलच्या जवळ आणण्याचा छोटा स्क्रू फिरवून घ्या. मग सगळ्यांत मोठी चूक येते, ती म्हणजे उतारभर ब्रेक किंचित दाबून धरणं. सुरक्षित वाटतं, पण ब्रेकचे पॅड आणि रोटर (ते दाबतात ती चाकावरची तबकडी) थंड व्हायला वेळच मिळत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, तेल फार तापलं तर त्यात वाफ होते आणि लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो. भावाचं वजन जास्त, त्याचे ब्रेक आधी तापतील. बरोबर पद्धत अशी: वळणाआधी सरळ तुकड्यावर दोन्ही ब्रेक जोरात, थोडाच वेळ, आणि वळणात शिरताना बोट ढिलं. लिव्हर मऊ लागला की बाजूला उभं राहून पाच-दहा मिनिटं थांबा, रोटरला हात लावू नका, भाजतो. रोज संध्याकाळी ब्रेकचे पॅड बघा. पत्र्यावरचा थर १ मिमीच्या आत आला की बदलून घ्या. ओल्या चिखलात नवे पॅडही दोन दिवसांत संपू शकतात.

तयारीला बारा आठवडे पुरे, जूनच्या सुरुवातीपासून. आठवड्यातून तीनदा स्क्वॅट, प्लँक आणि आडव्या दांड्याला लोंबकळणं. लोंबकळायला २० सेकंदांपासून सुरुवात करून मिनिटापर्यंत जा, पकड त्यानेच तयार होते. रविवारी लांब पल्ला अर्धा करा. जामदा कालव्याच्या कडेला मुरुमाची वाट सापडली तर तिच्यावर सीट खाली करून, पेडल आडवी समांतर ठेवून, उभं राहून चालवा. आधी सलग दोन मिनिटं, हळूहळू दहा मिनिटं. वजन तळपायांवर, हात हलके, कोपरं बाहेर, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. नवशिके भीतीने फार मागे सरकतात. त्याने पुढच्या चाकावरचा भार जातो आणि ते वळणात सुटतं. नाभी साधारण सीटच्या पुढच्या टोकावर राहील एवढंच मागे.

शाळेच्या मैदानावर दोन विटा पाच मीटर अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, बाहेरचं पेडल खाली, नजर पुढच्या विटेकडे. शेताच्या बांधावरून उभ्याने उतरा. खुणेची रेघ मारून २० किलोमीटर वेगाने येऊन थांबा, चाक न घसरवता किती कमी अंतरात थांबता येतं ते मोजा, दर वेळी दहा प्रयत्न. पाऊस पडल्यावर काळ्या मातीत सराव करायला जाऊ नका, चाकं भरून येतात आणि काही शिकायला मिळत नाही. मुरुमच बरा. कन्नड घाटात वेगाने उतरायचा सराव अजिबात नको, वाहनं असतात. आणि गौताळ्याच्या अभयारण्यात आडवाटा पाडू नका.

तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी प्रशिक्षक घ्या, निदान अर्धा दिवस, पोचण्याआधीच बुक करून. पूर्ण सहलीत याइतका सार्थकी लागणारा दुसरा पैसा नाही. त्या दिवशी चार फेऱ्या आणि बस. दुसऱ्या दिवशी पाच, तीच वाट. नवी वाट धरण्याचा मोह होईल, पण एकच वाट चौथ्यांदा उतरताना वळणं आधी माहीत असतात म्हणून ब्रेक कमी लागतो, आणि शिकणं तिथेच होतं. चौथा दिवस सायकलविना ठेवा. तोपर्यंत तळहात सोललेले आणि हात आखडलेले असतील. लाल वाट पाचव्या दिवशी, निळी वाट एकदाही न थांबता नीट उतरता आली तरच. एखादा टप्पा डोळ्यांना पटला नाही तर उतरून सायकल हाती धरून चालत जा, तिथे सगळेच तसं करतात. थांबायचं तर वाटेच्या पूर्ण बाहेर, आणि उंचवट्याच्या पलीकडे कधीच नाही, कारण मागून उडी मारून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मागून वेगवान माणूस आला तर घाबरून कडेला घुसू नका. आपल्या वेगाने चालत राहून रुंद जागी बाजू द्या.

‘अजून एकच फेरी’ असं मनात आलं की त्याच वेळी खाली थांबा. दमलेले हात ब्रेक उशिरा दाबतात. गोंडोला साधारण साडेचार-पाचपर्यंत चालतात, पण तुमचा दिवस साडेतीनला संपू द्या.

हवामानाचा हिशेब सोपा: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश घट. गावात १८ अंश असतील तर ८०० मीटर वर सुमारे १३, आणि वाऱ्यात त्याहून कमी वाटतं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या सवयीच्या माणसाची बोटं तिथे लगेच बधिर होतात, आणि बधिर बोटाला ब्रेक कळत नाही. पाठीवरच्या पिशवीत पातळ रेनकोट, हातमोज्यांची कोरडी जोडी, ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल आणि चेनची जोडकडी असू द्या. ढग गडगडले की गोंडोला बंद करतात. तेव्हा वर अडकण्यापेक्षा आधीच खाली या. इथून स्वतःचे गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि सपाट, मऊ रबरी तळाचे बूट न्या, कारण भाड्याच्या पॅडचं माप लहान चणीच्या बाईला बसत नाही आणि ढिला पॅड पडताना घोट्याकडे सरकतो. ते दोन-तीन महिने इथेच वापरून घ्या.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, दोघांना स्वस्तही पडते. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून तूप, पेढे, खव्याचं काही बॅगेत नको. शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स चालतात. ताज्या फळांना एरवी तपासणीचा दाखला लागतो, पण केळी त्या मोजक्या फळांत आहेत ज्यांना तो लागत नाही. प्रवासापुरती अर्धा डझन घ्या. तिथे डोंगरावर दर दोन फेऱ्यांनंतर एक केळं आणि अर्धा लिटर पाणी, भूक लागायची वाट न बघता.